आधी गुडघा मोजा, मग विमान निवडा

माझ्या पर्समध्ये शिंप्याकडे असते तशी टेप कायम असते. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. सांध्यांच्या ऑपरेशननंतरचे पेशंट बघते, त्यामुळे टेप लागतेच. पण गेल्या काही वर्षांत ती विमानाची तिकिटं काढतानाही तितकीच कामाला आली. धाकटी बहीण न्यू जर्सीत, एडिसनला असते. आई तिच्याकडे चार वेळा जाऊन आली. आईचं वय ७२, उजवा गुडघा बदललेला. सासू-सासरे दोनदा गेले, मावशी एकदा मेलबर्नला गेली. सगळ्यांची तिकिटं मीच काढली. म्हणून पेशंटही विचारतात, "मॅडम, कुठली एअरलाइन चांगली?"

मी त्यांना उलट विचारते, "जाणार कोण?" कारण एकाच कंपनीची दोन विमानं दोन वेगळ्या घरांइतकी वेगळी असतात, आणि एकाच विमानातल्या दोन सीटा आईला सुख किंवा चौदा तासांचा त्रास देऊ शकतात. तुलना कंपनीच्या नावांची करू नका. जाणारं माणूस, विमानाचं मॉडेल, नेमकी सीट आणि वाटेतला विमानतळ या चार गोष्टींची करा.

टेप घ्या

भिंतीला टेकवून एक स्टूल ठेवा. पाठ भिंतीला लावून ताठ बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. आईचं २२ इंच भरलं, माझं २३, माझ्या नवऱ्याचं २५. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

आता विमानातला आकडा. कंपन्या 'सीट पिच' सांगतात. पिच म्हणजे तुमच्या सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. लांबच्या विमानांत इकॉनॉमीला ते बहुधा ३१ किंवा ३२ इंच असतं. पण ही सगळी जागा पायांची नसते. सीटच्या पाठीची जाडी आणि तिच्या खिशात कोंबलेले कागद यांत तीन-चार इंच जातात. ३१ मधून ४ गेले, उरले २७. नवऱ्याचे २५ वजा केले तर त्याच्या गुडघ्यापुढे दोन इंच राहतात. पुढच्यानं सीट मागे टाकली की तेही कमी होतात. त्याच्यासाठी ३१ आणि ३२ मधला एक इंच पैसे मोजण्यासारखा आहे. आईला पाच इंच मिळतात, म्हणून तिच्यासाठी त्या एका इंचाला मी फारसं महत्त्व देत नाही. तिचा प्रश्न निराळा आहे. बदललेला गुडघा काटकोनात तासन्‌तास ठेवला की आखडतो. तो अधूनमधून सरळ करता आला पाहिजे, आणि सरळ करायला जागा असते ती फक्त आइलमध्ये, म्हणजे सीटांमधल्या चालायच्या वाटेत.

म्हणून आइल सीट घ्या हे सगळेच सांगतात. कुठल्या बाजूचं आइल, हे मात्र कुणी सांगत नाही. उजवा गुडघा आखडतो ना, मग आइल तुमच्या उजव्या हाताला हवं. ३-४-३ अशा रांगेत सीटांची अक्षरं बहुधा एबीसी, डीईएफजी, एचजेके अशी असतात, आणि तोंड पुढे करून बसल्यावर ए ही डावीकडची खिडकी. म्हणजे उजव्या गुडघ्यासाठी सी किंवा जी. डाव्या गुडघ्यासाठी डी किंवा एच. अक्षरं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, तेव्हा नकाशा समोर ठेवून स्वतः त्या खुर्चीत बसल्याची कल्पना करा आणि हात पुढे करून उजवं-डावं ठरवा. मी क्लिनिकमध्ये पेशंटला खरंच खुर्चीत बसवून हे करून घेते.

सी आणि जी मध्ये मी जी घेते. कडेच्या तीन सीटांत आइलवाल्याला आतल्या दोघांसाठी उठावं लागतं. मधल्या चारांत आतले दोघे दोन बाजूंनी बाहेर पडतात, त्यामुळे फार तर एकासाठी उठायचं. जोडपं असेल तर एफ आणि जी. शेजारी घरचंच माणूस, बाहेरच्या कुणासाठी उठायला नको.

सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची सीट मोठी दिसते, म्हणून लोक तिच्यासाठी धडपडतात. मला ती वयस्कर माणसांसाठी आवडत नाही. तिथे ट्रे हातांच्या दांड्यात असतो, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि बसायची रुंदीही जरा कमी होते. विमान सुटताना पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, म्हणजे औषधांचा डबा वरच्या कप्प्यात जातो. तान्ह्या बाळांचे पाळणेही तिथेच लावतात. आणीबाणीच्या दाराजवळची सीट तर व्हीलचेअर घेणाऱ्याला मिळतच नाही. शेवटची रांग टाळा, ती बऱ्याचदा मागे होत नाही आणि टॉयलेटची रांग अंगावर येते.

विमान कुठलं आहे ते बघा

तिकीट काढताना वेळेखाली बारीक अक्षरात विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लावा.

बोइंग ७७७ आधी इकॉनॉमीत रांगेला नऊ सीटा घेऊन उडायचं. आता बहुतेक कंपन्या दहा बसवतात, त्यामुळे सीटची रुंदी साधारण १७ इंचांवर आली. एमिरेट्स आणि कतारच्या ७७७ मध्ये हेच ३-४-३ आहे, एअर इंडियाच्या बहुतेक ७७७ मध्येही. एअरबस ए-३५० मध्ये नऊ सीटा आणि रुंदी साधारण १८ इंच. एक इंच ऐकायला काहीच नाही, पण दोन भरदार माणसं शेजारी बसली की खांदे कुणाचे कुठे, याचा निकाल तोच लावतो. ए-३३० मध्ये २-४-२ असतं. जोडप्यासाठी खिडकीकडच्या दोन सीटा म्हणजे स्वतःची खोली मिळाल्यासारखं.

मॉडेल कळलं म्हणजे संपलं असंही नाही. बोइंग ७८७ मध्ये बहुतेक कंपन्या नऊ सीटा लावतात. जपान एअरलाइन्स आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये आठच लावते. विमान तेच, बसणाऱ्याचा अनुभव वेगळा. एअर इंडियाचं ए-३५० २०२४ च्या जानेवारीत सेवेत आलं, त्याचं केबिन नवं कोरं, इकॉनॉमी ३-३-३. त्याच कंपनीची जुन्या केबिनची विमानंही आकाशात आहेत. "एअर इंडिया कशी आहे?" हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे.

७८७ आणि ए-३५० यांना मी आणखी एका कारणानं झुकतं माप देते. जुन्या विमानांत केबिनमधला हवेचा दाब साधारण ८००० फूट उंचीवर असावा इतका उतरतो. या दोन विमानांचा सांगाडा बराचसा कार्बन फायबरचा आहे. तो जास्त दाब सोसतो आणि ओलाव्यानं गंजत नाही. म्हणून दाब साधारण ६००० फुटांवरच्यासारखा ठेवता येतो, हवाही जरा कमी कोरडी राहते. सासऱ्यांना दमा आहे. जाताना ७७७ होतं, येताना ७८७, आणि परतल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं की येताना घसा कमी सुकला.

नेमका नकाशा बघायला एरोलोपा ही साइट चांगली आहे. खिडक्या, टॉयलेट, भिंती सगळं मापात काढलेलं असतं. खिडकीच नसलेली खिडकीची सीट तिथे कळते. मग फ्लाइटरडार२४ वर तुमचा फ्लाइट नंबर घालून मागच्या सात दिवसांत कुठलं विमान गेलं आणि किती वाजता पोचलं ते बघा. आठवड्यातून चार दिवस दीड तास उशीर होत असेल, तर पुढचं कनेक्शन त्या हिशेबानं घ्या.

'ऑपरेटेड बाय' ही ओळ चुकवू नका. कोडशेअरमध्ये तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असतं. लुफ्तान्साच्या तिकिटावर फ्रँकफर्टपासून पुढे युनायटेडचं विमान असू शकतं. सीट, जेवण, व्हीलचेअर सगळं मग जी कंपनी विमान उडवते तिच्याकडे पुन्हा तपासायचं.

प्रवासाचे तुकडे कुठे पडतात

माझ्या मते आरामाचा अर्धा निकाल इथेच लागतो, आणि लोक नेमका हाच हिशेब करत नाहीत.

मुंबई ते न्यूयॉर्क थेट म्हणजे साधारण पंधरा-सोळा तास एका खुर्चीत. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर आधी तीन-साडेतीन तास आणि मग साधारण चौदा तास. म्हणजे थांबा घेऊनही मोठा पल्ला जवळपास तेवढाच राहिला. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर नऊ आणि नऊ. मधोमध पाय मोकळे होतात. चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. तो धोका मुळात लहान असतो, पण नुकतंच ऑपरेशन झालेल्यांचा, आधी गुठळी झालेल्यांचा वाढलेला असतो. अशांना मी युरोपमार्गे जा म्हणते. दाबाचे मोजे घालायचे का, ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा.

मावशीला मेलबर्नला सिंगापूरमार्गे पाठवलं ते याच हिशेबानं. आधी साडेपाच तास, मग साडेसात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरून ती मजेत चालली, चहा प्यायली, पुढच्या विमानात झोपली.

सासऱ्यांचं गणित उलटं. त्यांना ऐकू कमी येतं, इंग्रजी बोलायची सवय नाही, आणि परक्या विमानतळावर गेट बदललं की ते घाबरतात. त्यांच्यासाठी थेट विमान, हिंदी बोलणारा क्रू, तिकीट महाग पडलं तरी चालेल. फक्त थेट म्हणजे खरंच थेट आहे का ते बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

अबुधाबीची एक वेगळी सोय आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स आधीच होतं. न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. रात्रभर जागलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथल्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पण ही तपासणी अबुधाबीला वेळ खाते, म्हणून दोन विमानांत किमान तीन तास ठेवा.

नाशिककरांनी घरापासून तास मोजावेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळला, तरी मुंबईच्या टी-२ ला विमानाच्या तीन-चार तास आधी पोचायचं तर पहाटेच्या विमानासाठी संध्याकाळीच निघावं लागतं. आई विमानात बसते तेव्हाच तिचे आठ तास गेलेले असतात. म्हणून 'फक्त दोन तास जास्त' असं तिकीट मी तिच्यासाठी फक्त म्हणून बघत नाही.

व्हीलचेअरचं एक अक्षर

आईच्या पहिल्या प्रवासात माझ्याकडून एक गोष्ट सुटली, ती सविस्तर सांगते. एजंटला सांगितलं, "व्हीलचेअर टाका." त्यांनी टाकली. वाटेतल्या विमानतळावर विमान इमारतीपासून लांब उभं राहिलं. रात्री दोनची वेळ. दाराशी शिडी, खाली बस. व्हीलचेअर घेऊन आलेला माणूस शिडीखाली उभा होता. तो म्हणाला, यांच्या नावापुढे आर आहे, म्हणजे यांना पायऱ्या चढता-उतरता येतात. आई दोन्ही हातांनी कठडा धरून, दर पायरीवर डावा पाय टेकवत, वीस-बावीस पायऱ्या उतरली. मागे सगळं विमान खोळंबलेलं. एडिसनला पोचल्यावर गुडघा चार दिवस सुजलेला होता.

व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या जमतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, विमानाच्या आत मात्र सीटपर्यंत चालतात. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. एस असेल तर शिडीऐवजी वर उचलणाऱ्या गाडीची सोय त्यांना करावी लागते. गुडघा बदललेल्या माणसासाठी निःसंकोच एस मागा, निदान ४८ तास आधी मागा, आणि बुकिंगमध्ये ते अक्षर पडलं का ते वाचून दाखवायला सांगा. परतीच्या प्रवासालाही पडलं का, तेही विचारा.

तुलनेसाठी आणखी एक लक्षात ठेवा. युरोपीय संघात व्हीलचेअरची जबाबदारी २००६ च्या नियमानं विमानतळाची आहे, अमेरिकेत ती विमान कंपनीची आहे. त्यामुळे सेवा बघताना वाटेतला विमानतळ कसा आहे हेही बघावं लागतं. व्हीलचेअर असेल तर मी अडीच तासांखालचं कनेक्शन घेत नाही. ही माणसं सगळे उतरल्यावर शेवटी उतरतात, अर्धा तास तिथेच जातो. गुडघ्यात धातू आहे म्हणून सिक्युरिटीला मशीन वाजतं. डॉक्टरांचं पत्र हातात ठेवायचं आणि आधीच सांगायचं.

जेवण, पाणी आणि माणसं

'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे. एचएनएमएल हे हिंदू मांसाहारी जेवण आहे, गोमांस नसलेलं. शाकाहारी हवं तर एव्हीएमएल, जैन हवं तर व्हीजेएमएल. डायबेटिकचं डीबीएमएल घेतलंत तर त्यात मांस असू शकतं, आणि दोन कोड एकत्र बहुधा मिळत नाहीत. सासूबाईंना साखर आहे आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी एव्हीएमएल मागते, गोड बाजूला ठेवायला सांगते आणि पिशवीत भाजलेले चणे, खाकरा, दाण्याची कोरडी चटणी देते. सुकं खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्यावर बंधनं आहेत. चटणीत खोबरं घालू नका. खास जेवण निदान २४ तास आधी सांगावं लागतं. ते ताट आधी येतं, हा त्याचा फायदा.

चौदा तासांच्या विमानात मुख्य जेवणं दोन. मध्ये सात-आठ तासांचं अंतर पडू शकतं. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यासाठी हे अंतर महत्त्वाचं आहे. म्हणून ओळखीचं कुणी जाऊन आलं की "सर्व्हिस कशी होती?" असं विचारू नका. "छान होती" एवढंच उत्तर येतं. असं विचारा: दिवे बंद केल्यावर पाणी कितीदा फिरवलं? दुसरं जेवण उतरण्याच्या किती आधी आलं? मधल्या वेळेत मागे गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, खायला काही ठेवलं होतं का? बेल दाबल्यावर कुणी आलं का? इंटरनेटवरचे अभिप्रायही मी तोच मार्ग, तोच वर्ग आणि गेल्या सहा महिन्यांतलेच वाचते.

पुरस्कारांकडे मी बघते, पण शेवटी. लंडनच्या स्कायट्रॅक्सनं २०२३ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला पहिला नंबर दिला, २०२४ आणि २०२५ मध्ये कतार एअरवेजला. दोन्ही कंपन्या चांगल्या आहेत यात शंका नाही. पण त्या पहिल्या नंबरात बिझनेस क्लासचं कौतुकही मिसळलेलं असतं, आणि आपली आई ३८ व्या रांगेत बसणार असते.

माझी स्वतःची परीक्षा सोपी आहे. तिकीट काढण्याआधी कंपनीला एक ईमेल करते: वय ७२, गुडघा बदललेला, डब्ल्यूसीएचएस हवी, जी सीट हवी, एव्हीएमएल हवं, कनेक्शनला कोण भेटेल? उत्तर किती दिवसांत येतं आणि प्रश्न वाचून दिलेलं आहे की छापील आहे, यावरून अडचणीच्या वेळी ही माणसं कशी वागतील याचा बराच अंदाज येतो. एका कंपनीनं तिसऱ्या दिवशी प्रत्येक प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं. तिचं तिकीट साडेसहा हजारांनी महाग होतं. तेच घेतलं.

प्रीमियम इकॉनॉमी परवडत असेल तर फक्त लांबच्या पल्ल्यासाठी घ्या. एमिरेट्सच्या प्रीमियममध्ये पिच ४० इंचांपर्यंत आहे, रांगेला विमानाप्रमाणे सात किंवा आठ सीटा आहेत. मुंबई ते दुबई तीन तासांसाठी ते पैसे घालू नका, जिथे चौदा तास बसायचं तिथे घाला. कतार आणि एतिहादकडे हा वर्ग नाही, त्यांच्याकडे इकॉनॉमीनंतर थेट बिझनेस.

तिकीट हातात आल्यावर काम संपत नाही. कंपन्या विमान बदलतात आणि नव्या नकाशात तुमची सीट सरकते. म्हणून एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि २४ तास आधी बुकिंग उघडून बघायचं. मे महिन्यात आई निघायच्या आदल्या दिवशी बघितलं तर ३८ जी ची ३८ डी झाली होती. आइल सीटच, पण डाव्या हाताची. फोन लावला, वीस मिनिटं थांबले, गुडघा कुठला आणि पाय कुठे पसरायचा ते समजावून सांगितलं. पलीकडच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि ४१ जी दिली. दुसऱ्या दिवशी एडिसनहून आईचा फोन आला. पोचले, सामान मिळालं, हे सगळं नंतर. आधी म्हणाली, "अगं, पाय सरळ करता आला."